सुईवर पडलेलं ऊन

या फोरमवर मी दोन वर्षं नुसती वाचतेय. कमेंटसुद्धा कधी केलेली नाही. इथले गूढ अनुभव वाचायचे आणि मनात म्हणायचं, वायरिंगचा प्रॉब्लेम असेल, मांजर असेल, जागरण झालं असेल. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुठे काय चुकतंय आणि का, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आहे असं आजही म्हणवत नाही. पण जे झालं ते चार जणांनी बघितलंय, आणि तेही भर सकाळी.

आम्ही नगरचे. माळीवाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं. तिन्ही बाजूंनी इमारती, त्यामुळे दुपारी बारालाही ट्यूबलाईट लागायची. आई साड्यांना फॉल लावून देते. सुईत दोरा ओवायचा असला की ती उंबरा ओलांडून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय वहिनी, कुणाची वाट बघताय?" ती नुसती हसायची. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — दिवसाच्या चांगल्या उजेडात काम करा, नाहीतर शिवण सोडा.

शिवण सोडलेली आई कशी दिसेल, हे मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

बाबा रिटायर झाले आणि आम्ही फ्लॅट बघायला लागलो. बाबांची अट एकच, मुख्य दार पूर्वेला हवं. प्रत्येक फ्लॅटच्या दारात ते मोबाईलवरचं होकायंत्र धरून उभे राहायचे. आईने अट अशी कधी सांगितलीच नाही. तिच्या पर्समध्ये एक सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ असायचं. "जरा दिवे बंद करता का?" असं हळूच म्हणायची आणि सुई ओवून बघायची. एजंट हसायचे. बाबा अवघडून खिडकीबाहेर बघायचे.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. फ्लॅटचं दार उघडतं ते पॅसेजमध्ये. पूर्वेच्या दारासमोर असते लिफ्ट, आणि सूर्य काही लिफ्टने वर येत नाही. पण हे मी बोलले नाही. बाबांसमोर मी फार बोलत नाही.

तो शनिवार होता, सकाळचे साडेदहा. सावेडीच्या पुढे एक नवी इमारत, तिसरा मजला. एजंट भाऊसाहेब, मूळचे काष्टीचे. "काका, असं पूर्वेचं दार आख्ख्या नगरात घावायचं न्हाई. लई मागणी हाय याला."

बाबांनी दार आतून लावून घेतलं, होकायंत्र धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बरोब्बर पूर्व! मी खिडकीशी गेले. समोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत, हात लांब केला तर टेकेल इतकी जवळ. आत मात्र सगळे दिवे लखलखत होते.

आणि लाईट गेली.

"शनिवार हाय ना, मेंटेनन्स," भाऊसाहेब अंधारातून म्हणाले. "यील आत्ता."

आईने पर्समधून सुई काढली. एकदा, दोनदा, चारदा प्रयत्न केला. दोरा बाजूनेच जायचा. मग तिने हात खाली घेतले. "चालेल मला," ती म्हणाली. "सवय आहे."

बाबांनी खिशातून टोकनचा चेक काढला.

त्या क्षणी आईच्या अंगठ्यावर ऊन पडलं. टॉर्चचा पांढरा उजेड नव्हता तो, ऊनच होतं, पिवळं. रुपयाएवढा गोल कवडसा. सुई चमकली. आईने दोरा ओवला, एका झटक्यात. मग तो कवडसा तिच्या हातावरून पदरावर उतरला, फरशीवर आला आणि सावकाश सरकत बंद दाराखालून बाहेर गेला.

"आयला," भाऊसाहेब म्हणाले. "ह्ये काय हुतं?"

मी दार उघडलं. पॅसेजला खिडकी नाही, तिथे मिट्ट काळोख होता. आणि समोरच्या फ्लॅटच्या कुलपावर तो कवडसा थांबला होता. आम्ही चौघं बघत असतानाच विझला.

"हे दार उघडा," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मलाही ओळखीचा वाटला नाही.

"ताई, त्ये बुक झालंय. शिवाय पश्चिमेचं दार हाय, काकांना चालायचं न्हाई."

"उघडा तरी. बाबा, दाराला दिशा असून काय उपयोग? आई दारात बसून शिवणार आहे का? इतकी वर्षं तेच करत आली ती."

बाबांनी मोबाईलवरचं होकायंत्र बंद केलं. मग हळूच म्हणाले, "उघडा हो, भाऊसाहेब."

दार उघडलं आणि डोळे दिपले. बाल्कनी पूर्वेला, समोर मोकळं मैदान. ऊन हॉलभर पसरून थेट किचनच्या ओट्यापर्यंत पोचलेलं. आईने ओवलेला दोरा काढून टाकला, मुद्दाम खिडकीपासून लांब ओट्याशी गेली आणि पुन्हा ओवला. पहिल्याच खेपेला! तिने वळून सुई वर धरून दाखवली, शाळेतल्या मुलीसारखी.

माझ्या आग्रहाखातर भाऊसाहेबांनी ऑफिसला फोन लावला. दोन मिनिटं नुसतं "व्हय, व्हय" चाललं. फोन ठेवून ते म्हणाले, "काका, पार्टीनं काल संध्याकाळीच क्यान्सल केलं. पश्चिमेचं दार नको म्हनत्यात."

बाबांनी चेक भाऊसाहेबांच्या हातात ठेवला. "लोकही काय काय बघत बसतात!" ते म्हणाले. आई आणि मी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की भाऊसाहेबही हसायला लागले.

आता वर्ष होत आलं आम्हाला इथे. आत्याने आधी नाक मुरडलं, "पश्चिमेचं दार घेतलंस, दादा?" मग दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि बाल्कनीतल्या उन्हात पेपर वाचत आठवडाभर राहिली. आई दिवसाला आधीच्या दुप्पट फॉल लावते. रस्त्यावर उभं राहायची वेळ तिच्यावर पुन्हा आलेली नाही.

कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला. बाबांच्या घड्याळाची काच म्हणावं, तर त्यासाठी आधी ऊन आत यायला हवं. आमच्या दाराला तेव्हा बाहेर बघायचं भोकही पाडलेलं नव्हतं. आईला विचारलं, तर दातांनी दोरा तोडत म्हणाली, "तू शोध. मला उजेडात बसू दे."

परवाच्या शनिवारी लाईट गेली तेव्हा, बरोबर साडेदहाला, आमचं दार लावून मी पॅसेजमध्ये जाऊन बसले. तासभर बसले. गडद काळोख, एक ठिपकासुद्धा नाही. पूर्वेच्या दाराचा तो फ्लॅट एमआयडीसीत कायमची नाईट शिफ्ट करणाऱ्या एका दादांनी घेतलाय. दिवसा झोपायला असा अंधार नगरात दुसरीकडे मिळणार नाही म्हणतात, भलतेच खूष आहेत. त्यांनी झोपाळू डोळ्यांनी दार उघडलं.

"काही हरवलं का, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

खरंच काही हरवलं नव्हतं. तो उजेड आला कुठून, तेवढं मात्र मला अजूनही माहीत नाही.