कोंड्याच्या मोलाचं पोर

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा घाटावरची कितीतरी घरं उचलून बोईसरला आली. त्यांतलंच एक भगवंताचं. तो पारनेरकडचा, कामाला फिटर. सोबत आई गोजराबाई आणि बायको इंदुबाई. सामानात एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि गोजराबाईनं हट्टानं आणलेलं सूप. इंदुबाईची आधीची दोन्ही मुलं बारशाच्या आतच गेली होती, हे मात्र त्यांनी नव्या मुलखात कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेलाही दिवस भरायच्या आतच तिच्या पोटात दुखू लागलं. भगवंतानं ओळखीचा ट्रक थांबवला आणि तिला पालघरच्या दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. गोजराबाई पुढे सांगायची, "भिजलेल्या मांजराचं पिल्लू बरं, असा होता." डॉक्टरांनी तपासलं, औषधं लिहून दिली आणि लहान मुलांच्या खोलीतल्या नर्सकडे बघून म्हणाले, "आता ह्या सांभाळतील."

त्या नर्सचं नाव हिरा. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातली. बाप होडीवर जायचा, आई बाजारात मासळी विकायची. हिरा सातवी झाली, मुंबईला जाऊन नर्सिंग शिकली आणि परत पालघरलाच आली. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "थांबा, पोर रडतंय, येऊन सांगते." आणि गेली की परत यायचीच नाही.

तिनं बाळाला कापसात गुंडाळलं. दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. ठेवण्याआधी प्रत्येक बाटली ती स्वतःच्या गालाला लावून बघे. दूध ओढायची ताकद त्याच्यात नव्हती, म्हणून ती थेंब थेंब ओठांवर सोडायची आणि बाजारात बसल्यासारखी त्याच्याशी घासाघीस करायची. "आनखी एक थेंब घे रे. नाय? मंग आमी उठतो. एवढ्यावर सौदा नाय होत." बाळ गिळायचं, आणि खाटेवरून बघणाऱ्या इंदुबाईला आपणही काहीतरी गिळल्यासारखं व्हायचं. कामाची पाळी संपली तरी हिरा घरी जायची नाही. थंडी पडली त्या दिवसांत तर तिनं त्याला पदराखाली छातीशीच धरून ठेवलं होतं.

एका दुपारी गोजराबाई बोईसरहून सूप घेऊन आली. सुपात कोंडा होता. बाळाला त्या कोंड्यावर ठेवून तिनं सूप हिरापुढे धरलं.

"घे बाई. तुला विकला. आमच्या नशिबात पोर टिकत न्हाई. तुझ्या नावावर तरी टिकंल."

"आजी, सर्दी होईल त्याला, आदी उचला."

"आदी मोल दे."

हिरानं इंदुबाईकडे पाहिलं. इंदुबाईचे हात आपोआप जोडले गेले. मग हिरानं सुपातला मूठभर कोंडा घेतला, गोजराबाईच्या पदरात टाकला आणि बाळाला उचललं.

"घेतला. आता माझ्या पोराला कोनी उघडं ठेवायचं नाय."

कोंड्याच्या मोलानं घेतला म्हणून त्याचं नाव पडलं कोंडीबा. हिरा म्हणायची कोंडू. रीत अशी होती की पोर तगलं की जावळ काढायच्या आधी आईनं सूपभर कोंडा आणि लुगडं घेऊन त्या विकत घेणारीकडे जायचं, पोर मागायचं आणि तिच्या तोंडच्या शब्दानं ते परत आणायचं.

कोंडू तगला. घरी आला, बाळसं धरलं. हिरा सुट्टीच्या दिवशी वाट वाकडी करून बोईसरला यायची, त्याला मांडीवर घेऊन आंघोळ घालायची, आणि भगवंताला आवडतात म्हणून सुके बोंबील आणायची. ती आली की गोजराबाई चूल सोडून दारात यायची.

मग भगवंत नोकरीत कायम झाला आणि त्यांना वीजकेंद्राच्या कॉलनीत खोल्या मिळाल्या. खिडक्यांना काचा, घरात नळ. शेजारी उषाताई, त्यांचे यजमान ऑफिसात. उषाताई मोकळ्या स्वभावाच्या होत्या, इंदुबाईला विणकाम शिकवायच्या. पण त्यांच्या घरातले पडदे पाहिल्यापासून इंदुबाई स्वतःच्या घरातली एकेक वस्तू आत सरकवू लागली. पाटा मोरीच्या आड गेला. सूप ट्रंकेमागे गेलं. पोराला कॉलनीत सुधीर म्हणायचं ठरलं.

गोजराबाई मधूनमधून म्हणायची, "पोर सोडवून आणायचं राह्यलंय."

भगवंत म्हणायचा, "आई, इथं लोक हसतील. आता काय त्याचं?"

नवऱ्यानंच नको म्हटल्यामुळे आपली सुटका झाली, असं इंदुबाईला वाटायचं. ते वाटणं ती फार वेळ मनात राहू द्यायची नाही.

शिमगा होऊन गेला होता. पायऱ्यांवर उषाताई आणि आणखी दोघी विणत बसल्या होत्या, इंदुबाईही होती. समोरून हिरा आली. सणाला दातिवऱ्याला जाऊन आलेली. दवाखान्यातली पांढरी साडी नव्हती. काष्ट्याचं लाल लुगडं, केसांत अबोली, डोक्यावर पाटी.

"इंदूवयनी! माझा कोंडू कुठं हाय?"

सुया थांबल्या. उषाताईंनी हसून विचारलं, "कोंडू कोण गं? आणि ह्या कोण?"

किती साधा प्रश्न होता. पण इंदुबाईला त्याच्यामागे सूप दिसलं, कोंडा दिसला, गेलेली दोन मुलं दिसली.

"मासळीवाली आहे," ती म्हणाली. "नेहमीची."

हिरा पाटी उतरवता उतरवता तशीच थांबली. मग तिनं ती हळूच खाली ठेवली.

"व्हय, मासळीवालीच," ती उषाताईंना म्हणाली. "सुके बोंबील हायत ताई. बघा, चांगले कडक."

"नको बाई, आमच्याकडे चालत नाही."

एवढ्यात आवाज ओळखून कोंडू घरातून डुलत डुलत आला. उंबऱ्याला धरून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात हिराकडे पसरले. हिराचे हात पुढे झाले. तसेच ते मागे आले आणि पदराखाली गेले.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "हात मासळीचे हायत."

बोंबलांचा पुडा पायरीवर ठेवून ती निघाली. रस्त्याच्या वळणावर लाल लुगडं दिसेनासं झालं, तरी पोर हात पसरूनच उभं होतं. उषाताई म्हणाल्या, "माणसांचा लळा आहे हो सुधीरला." इंदुबाईच्या सुईवरचे टाके घसरले. ते उचलायचं निमित्त करून ती कितीतरी वेळ खाली बघत राहिली.

गोजराबाईनं आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "ती कोण, ते तू चारचौघींत सांगितलंस. मंग हे पोर कुणाचं, ते बी सांग. आजून तिचंच हाय ते. तू सोडवलंयस कुठं?"

इंदुबाईची भाकरी तव्यावर करपली. आजवर तिला वाटत होतं, सोडवणं राहिलं ती आळसाची गोष्ट. आता कळलं की आपल्याला पोर मागायला जायचं आहे आणि मागायला तोंड नाही. हिरानं नाही म्हटलं तर? म्हणायचा तिला हक्क होता. आणि काहीच न म्हणता तिनं नुसतं पाहिलं तर काय करायचं, हे तर इंदुबाईला मुळीच कळत नव्हतं.

तिनं ट्रंकेमागचं सूप काढलं. कोंडा भरला, वर लुगडं ठेवलं आणि सगळ्यावर चादर गुंडाळली. एसटीत कुणीतरी विचारलं, "काय आहे हो त्यात?" तर तिनं "कपडे" म्हणून सांगितलं. गोजराबाईनं नातवाला मांडीवर घेऊन तोंड खिडकीकडे फिरवलं.

मुलांच्या खोलीत हिरा एका तापलेल्या पोरीच्या कपाळावर घड्या ठेवत होती. पांढरी साडी. तिनं मान वर केली.

"आज बोंबील नायत वयनी," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता.

इंदुबाईला वाटलं, हिनं ओरडावं. चादर सोडताना बोटांना गाठ सापडेना. शेवटी सूप उघडं झालं. ती हिराच्या पायांशी बसली आणि खोलीभर बायका बघत असताना म्हणाली, "तुमचं पोर आम्हाला द्या."

हिरानं कोंडूला घेतलं. त्यानं लगेच तिच्या कानातलं धरलं. तिनं त्याच्या टाळूवर नाक टेकवलं आणि तशीच राहिली.

"नाय देत म्हटलं तर?"

खाटांवरच्या बायका हसल्या. गोजराबाईही हसली. इंदुबाईला हसू आलं नाही.

"तर तुमचाच," ती म्हणाली.

हिराचा हात पोराच्या पाठीवर थांबला. मग तिनं त्याची बोटं कानातल्यापासून सोडवली, एकेक करून, आणि त्याला इंदुबाईच्या ओटीत ठेवलं.

"दिला. घ्या. जावळ काढताना कान सांभाळा त्याचे."

"हिराबाई, त्या दिवशी मी..."

पलीकडच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं. हिरा उठली. "थांबा, येऊन ऐकते," ती म्हणाली. इंदुबाई थांबली. दिवे लागायची वेळ झाली, एसटी सुटायला आली. हिरा त्या पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती, तिची पाठ दाराकडे होती. कोंडा देऊन झाला होता, पण लुगडं खाटेवर तसंच होतं, घडी न मोडलेलं. लग्नाचं विचारलं की हिरा म्हणायची ते "येऊन सांगते" इंदुबाईला आठवलं आणि ती उठली.

परतताना सुपावर चादर नव्हती. रिकामं सूप काखेत आणि पोर कडेवर घेऊन इंदुबाई कॉलनीतून चालत आली. उषाताई दारातच होत्या.

"अगं, सूप घेऊन कुठे गेली होतीस?"

"पालघरला. त्या दिवशी आल्या होत्या ना, त्या मासळीवाल्या नव्हत्या. दवाखान्यात नर्स आहेत. ह्याला त्यांनी जगवला. आम्ही ह्याला त्यांच्या ओटीत घातला होता. आज मागून आणला."

उषाताईंनी गालाला हात लावला. मग पोराला जवळ घेतलं. "अगबाई! मग त्यांना मी घरात बोलावलं असतं, चहा दिला असता." आणि खरंच न कळून त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी तू तसं का सांगितलंस गं?"

गोजराबाई पुढे होऊन कुलूप काढत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पोर सुपाच्या फटींत अडकलेला कोंडा बोटानं टोकरत होतं. इंदुबाई सूप घट्ट धरून दारात उभी राहिली. उषाताई उत्तराची वाट बघत होत्या.