वर्दळीचं स्थळ

मी एकदा इंटरनेटवर आयतं संकेतस्थळ विकत घेतलं आणि त्यापायी स्वतःच्या नवऱ्याला लग्नाच्या बाजारात उभं केलं.

तेव्हा माझं वय कोवळं होतं. एकसष्ट! उमरग्यात माझ्या काळ्या मसाल्याचं नाव होतं, पण इंटरनेटवर कुत्रंही फिरकत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, संकेतस्थळाला नवं नाव कशाला घेता? लोकांनी मुदत संपल्यावर सोडलेली जुनी नावं लिलावात मिळतात, वर्दळीसकट! (म्हणजे हायवेवरचं चालतं हॉटेल घ्यायचं, ट्रकवाले सवयीनंच थांबतात.) मी ‘जमलंगबाई’ घेतलं. रोज दोनशे माणसं यायची!

सून सुरेखा म्हणाली, “आई, ही माणसं कशापायी येतात ते तर बघा आधी.”

“भूक लागली म्हणून! दुसरं कशाला येतंय माणूस?”

मग मी जाहिरात लिहिली : ‘अस्सल घरगुती. जरा तिखट. भेसळ नाही. एकदा घरात आला की दुसरा आणावासा वाटणार नाही.’ मसाला हा शब्द तेवढा लिहायचा राहिला. खाली माझा नंबर, वर फोटो ह्यांचा, पंचविशीतला. (जाहिरातीला देखणा चेहरा लागतो. आमच्या घरात तेवढाच एक होता, तोही चाळीस वर्षांपूर्वी.)

चौथ्या दिवशी जळकोटहून फोन.

“पसंत हाय. दुपारी बघायला येतो. आठ जण.”

“या की! चाखून बघा. न्हाय आवडला तर महिन्याभरात परत!”

पलीकडचा आवाज चढला, “परत? आमच्या पोरीची थट्टा लावली व्हय? थांबा, आलोच आमी!”

सुरेखानं मोबाइलवर खोदून काढलं आणि कपाळावर हात मारला. ‘जमलंगबाई’वर आधी लग्नं जुळवत होते! स्थळ म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं. फसवणूक! पोलीस! गावभर शोभा!

“अहो, जरा शेताकडं जाऊन या.”

“ह्या उन्हात?”

“मग न्हाणीत बसा!”

“कशापायी गं?”

सांगता येईना. ह्यांना आत ढकलून कडी लावली. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी खिडकीकडं धावायची! शेवटी एक जीप दारातच थांबली. पुढं पोरीचा मिशाळ बाप, मागं काठी टेकत पोरीची आजी.

“नवरदेव कुठाय?”

मी तोंड उघडलं, तोच न्हाणीची गंजकी कडी तुटली. टॉवेल गुंडाळलेले, कवळी काढलेले आमचे हे बाहेर!

“कोन आलंय गं?”

बापानं मोबाइल बघितला. ह्यांना बघितलं. पुन्हा मोबाइल. मिशी थरथरायला लागली. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि मी डोळे मिटून सगळं एका दमात ओकून टाकलं. पुरावा म्हणून मसाल्याचा डबाच पुढं धरला.

आजीनं चिमूटभर जिभेवर टाकला. ठसकली. डोळे पुसले. ह्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली,

“बाई, मसाला दोन किलो बांधा. नवरदेवाला मात्र तुमच्याच डब्यात ऱ्हाऊ द्या, झाकण घट्ट लावून!”