साडेपाचची गाडी आणि चार ते सहाचा वर्ग

मंडळी, आज मी पुन्हा वर्ग अर्धा सोडून पळाले. आत्ताच घरी पोचले, चहा टाकलाय आणि लिहितेय.

मी चाळिशीत बी.ए. करतेय. दर रविवारी चिखलीला वर्ग असतो, चार ते सहा. देऊळघाटकडे येणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते. म्हणून सव्वापाच झाले की आम्ही गावाकडच्या बाया पिशव्या उचलतो.

आज सर चिडले. "तुम्हाला शिकायचंय, की नुसती डिग्री पाहिजे?"

माझ्या शेजारी बसणारी शबानाआपा शिलाईकाम करते. ती उभीच राहिली. "सर, शिकालेच येतो. पन गाडी गेली तं घरी कोन नेऊन सोडन?"

"वेळापत्रक वरून येतं," सर म्हणाले.

आम्ही धावत स्टँड गाठला. गाडी सुटणार, तेवढ्यात घामाघूम झालेले सरच दारात! आम्ही गेल्यावर वर्गात कोणी उरलंच नव्हतं म्हणून तेही निघाले, पण मोटरसायकल बंद पडली होती, आणि त्यांचं घरही आमच्याच वाटेवर. आतली गर्दी पाहून त्यांनी कंडक्टरला विचारलं, "याच्यानंतरची गाडी?"

"आता डायरेक्ट उद्या सकाळी."

सर गुपचूप चढले. शबानाआपानं सरकून जागा केली. "या सर, बसा. राह्यलेला धडा इथंच होऊ द्या."

आणि झाला की! हादरे खात, पण झाला.

उतरताना सर म्हणाले, "पुढच्या रविवारपासून दोनला या."

वर कोणालाच विचारलं नाही त्यांनी.

तुमच्याकडे वर्गाची वेळ ठरवणारे कधी एसटीनं येतात का हो?