मासा आणि कासव यांच्या मधली जागा

चामराजपेटेतल्या आमच्या घरी नवरात्रात बाहुल्या मांडत. ही चाल इथली. आईने ती शेजारच्या कानडी अज्जींकडून उचलली होती. लाकडी पायऱ्यांवर धुतलेले धोतर अंथरायचे, वर राजाराणीची जोडी, तिच्याखाली मातीचे देव आणि मधल्या पायरीवर दशावतार. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येत, द्रोणातली उसळ खात आणि बाहुल्या पाहत.

पन्नासचे दशक संपत आले होते. थोरली बहीण, आमची अक्का, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला पुढे एम.एस्सी. करायचे होते. वडील सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढत. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. तिच्या शिकण्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत बेळगावच्या काकांची होती. आजोबा लवकर गेल्यामुळे अण्णांना काकांनीच वाढवले होते आणि त्यांच्या होकाराशिवाय आमच्या घरात मोठे काही ठरत नसे. घरातली मुलगी बेडूक कापते आणि माणूस माकडापासून झाला असे शिकते, हे काकांना पटत नव्हते.

काका दसऱ्याला येणार होते. त्यांच्यासाठी अण्णांनी उत्तर तयार ठेवले. अक्का शिकते ते आपल्या पुराणांत आहेच: आधी पाण्यातला मासा, मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारे कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग ठेंगणा माणूस. मासे आणि सरपटणारे प्राणी यांच्या मध्ये बेडकाचा वर्ग येतो, असे अक्का एकदा जेवताना म्हणाली होती. मधला टप्पा सुटलेला नकाशा अण्णांना चालत नसे. त्यांनी बाजारातून मातीचा हिरवा बेडूक आणला आणि मत्स्य थोडा सरकवून त्याच्या व कूर्माच्या मध्ये ठेवला.

"दहाचे अकरा झाले," आई म्हणाली.

"होऊ देत. पोरीच्या अभ्यासाचा आहे."

पोरीला त्यांनी विचारले नव्हते. ती कॉलेजात होती.

काका आले त्या संध्याकाळी बैठक भरलेली होती. अज्जी कोणाला तरी "स्वल्प सरका" म्हणत होत्या. काकांनी मधल्या पायरीकडे बोट केले.

"हा अकरावा कोण?"

अण्णांनी सगळे समजावून सांगितले. काकांनी मध्ये न बोलता ऐकले.

"म्हणजे कॉलेजात बेडूक कापायचा आणि घरी त्याची आरती करायची. सोय चांगली आहे."

बायका हसल्या. अण्णाही हसले. काकांचा सूर मऊ होता. ते वळतील असे वाटत होते. अक्का उसळीचे ताट घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिलाच विचारले, "काय गं, अण्णा म्हणतात तेच आहे का तुझ्या पुस्तकात?"

अण्णा तिच्याकडे पाहत होते.

"नाही काका," अक्का म्हणाली. "कासवापासून डुक्कर होत नाही. आणि अवतार कोणीतरी ठरवून घेतो. इथे कोणी काही ठरवत नाही."

"कोणीच नाही?" हे अण्णांनी विचारले.

"कोणीच नाही, अण्णा."

तोंडी परीक्षेत द्यावे तसे तिने उत्तर दिले. अज्जी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि त्यांनी द्रोण पुढे केला. काका अण्णांकडे वळले. "बघ. तुझी वकिली तुझ्या अशिलालाच मान्य नाही."

बायका गेल्यावर अण्णांनी बेडूक उचलून ट्रंकेत ठेवला. "तू बरोबर सांगितलंस," ते अक्काला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. पण काकांकडे त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि काकांनी आपणहून होकार दिला नाही. अक्का पहिल्या वर्गात पास झाली. पुढच्या वर्षी तिचे लग्न होऊन ती हुबळीला गेली.

तिने दुसरे काय सांगायला हवे होते, हे मला अजून सुचलेले नाही. रोज एका पंगतीला बसणारी ही दोन माणसे. अण्णांनी आधी विचारले असते तर तिने त्यांना घरातच सांगितले असते. मग काकांना एवढेच सांगता आले असते की पोरीला शिकायचे आहे. कदाचित ते पुरले असते.

साठचे दशक सरताना अक्का एकदा नवरात्रात माहेरी आली. काका तेव्हा हयात नव्हते. आईचे गुडघे दुखत होते म्हणून बाहुल्या अक्कानेच मांडल्या. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला बेडूक निघाला. एका पायाचा रंग उडाला होता. तिने तो मासा आणि कासव यांच्या मध्ये ठेवला आणि अण्णांची वाट पाहत बसली.

अण्णा कारखान्यातून आले, चष्मा लावून पायऱ्यांसमोर उभे राहिले.

"हा इथला नाही."

"राहू दे ना, अण्णा. छान दिसतो."

"तूच सांगितलं होतंस."

ते चिडले नव्हते. शिकलेली गोष्ट म्हणून दाखवावी तसे बोलले. त्यांनी बेडूक पुन्हा कागदात गुंडाळला आणि मासा सरकवून मधली जागा भरून काढली.