जिन्यातली नळी

आमच्या बुडबुडे मॅडमचा निम्मा तास जिन्यात व्हायचा. केमिकलच्या इमारतीत तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी एक पारदर्शक नळी उभी केली होती. तिच्यात पाणी भरायचं, खालून हवा सोडायची आणि बुडबुड्यांवर नजर ठेवत आम्ही जिना चढायचा. तळाशी ज्वारीएवढे असलेले बुडबुडे वर पोचेपर्यंत हरभऱ्याएवढे व्हायचे. मॅडम धारूरच्या. रंगात आल्या की घरची बोली यायची. "खाली पाण्याचं वझं लई हाय, म्हणून ते दबून ऱ्हातात. वर वझं कमी झालं की फुगतात. वाटंत दोघं भेटले तर एक होतात. कारखान्याच्या रिॲक्टरमधी हेच चालतं, पण लोखंडाच्या आत कोन बघनार?"

प्राचार्यांच्या डोळ्यांत मात्र नळी खुपायची. कॉलेजला पाणी टँकरचं, आणि ही बाई ते नळीत ओतते! शेवटी ठरलं, एका डिस्टिलरीचे इंजिनिअर येऊन पाहतील. त्यांना उपयोगाची वाटली तर नळी राहील, नाहीतर भंगारात जाईल. त्या आठवड्यात मॅडमचा डबा तसाच परत जायचा.

पाहुणे यायच्या दिवशी लॅबमधल्या चाचांनी प्रेमापोटी नळी भांड्यांच्या साबणाने घासून लख्ख केली. टँकर आलेला नव्हता, म्हणून खळबळली अर्ध्या बादलीत. पुढे पाहुण्यांसमोर हवा सोडली, तर बुडबुडे मोहरीएवढेच राहिले आणि वरून फेस पायऱ्यांवर उतरू लागला. चाचांचा चेहरा पडला. "म्याडम, माझ्यानंच घात झाला."

दोष हवेच्या पंपावर ढकलून मोकळं होता आलं असतं. मॅडमनी पदर खोचला आणि सरळ सांगितलं, "नळीत साबण राहिलाय. साबण आसला की बुडबुडे एकमेकांत मिसळत न्हाईत, बारीकच ऱ्हातात. मला दाखवायचं होतं ते आज दिसनार न्हाई. हे दिसतंय ते तरी बघून घ्या."

इंजिनिअर पायरीवरच बसले. "आमच्या टाकीत असाच फेस येतो, आणि आम्ही नुसती हवा कमीजास्त करत बसलोय. मॅडम, धुऊ नका. पुन्हा चालवा."

"चाचा, तोंड पाडून काहून उभे? पंप लावा की!"

नळी राहिली. मला त्या बाईचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या पदवीचाही वाटला नाही.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागेवर माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी धाकधुकीने जिन्यात आले, तर नळी काठोकाठ भरलेली आणि शेजारी चाचा.

"म्याडमचा फोन आलता," ते म्हणाले. "पोरगी येतीय, पानी भरून ठेवा म्हन्ल्या."