जादू बंद करणारा खांब

त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. वायरमन होता, एकतीस वर्षं मोठमोठ्या इमारतींची लाइन सांभाळत होता, आणि खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावून फिरायचा, म्हणून. माणूस भला, पण एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. त्या आठवड्यात तर कहरच झाला. डबा उघडायचा, बंद करायचा, परत उघडायचा, आणि जेवायचंच विसरायचा.

रविवार जवळ येत होता आणि मंत्र काही जमत नव्हता.

आता वायरमनला मंत्र कशाला हवा, ते सांगतो. दर रविवारी दुपारी त्याच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसून एक खेळ खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते कागद, पेन्सिली आणि फासे. टेस्टर गोष्ट सांगायचा: समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. बाकीची तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायची आणि आपण काय करणार ते बोलायची. जमलं की फसलं, ते फासा ठरवायचा. घड्याळं दुरुस्त करणारे साठीचे घड्याळजी तिथे कुऱ्हाडवाले योद्धे होते. टेस्टरची धाकटी बहीण एरवी शाळेत गणित शिकवायची, तिथे अट्टल चोर होती. आणि टेस्टरची एकुलती एक लेक होती जादूगारीण.

घोळ होता तो या जादूगारणीचा. सोळा वर्षं खेळून तिची विद्या इतकी वाढली होती, की घड्याळजी कुऱ्हाड उचलेपर्यंत राक्षसाची राख झालेली असायची. गेल्या रविवारी तिने अख्खा किल्ला एका मंत्रात झोपवला आणि बाकीच्यांनी दोन तास बिस्किटं खाल्ली. ती गेल्यावर बहिणीने तोंड उघडलंच.

"दादा, आम्ही काय टाळ्या वाजवायला येतो का इथे? तिला आवर, नाहीतर पुढच्या रविवारनंतर मी नाही यायची."

घड्याळजी फक्त म्हणाले, "मलाही दुकानात कामं पडलीयेत." म्हणजे तेच.

टेस्टरची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. दोन महिन्यांपूर्वी तो शिडीवरून पडला होता आणि दोन दिवस इस्पितळात होता. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिचा फोन आला तेव्हा हा पलंगावरूनच म्हणाला, "मजेत आहे, कामात आहे जरा." तीन आठवड्यांनी घड्याळजींच्या तोंडून तिला खरं कळलं. ती भांडली असती तर परवडलं असतं, पण तिने बोलणंच टाकलं. फोन बंद झाले. इतरांच्या खेळाचा विचका नको म्हणून रविवारी तेवढी यायची, जादूगारणीला जेवढं बोलावं लागेल तेवढंच बोलायची, आणि पाच वाजले की चपला घालून चालू पडायची. टेस्टरच्या वाट्याला लेक उरली होती ती एवढीच. खेळ मोडला तर तीही गेली. आणि जादू हिसकावली म्हणून ती रागावून उठली, तरीही गेलीच.

म्हणून जादूला आवरणारा पण लेकीला न दुखावणारा मंत्र हवा होता. बाजारात मिळणाऱ्या नियमांच्या पुस्तकात तसला मंत्र नव्हता, तेव्हा तो घरीच रचायला हवा. सोमवारी त्याने लिहिलं: शत्रू टाळी वाजवतो आणि जादूगाराची वाचा बसते. वाचून त्यालाच कसंतरी झालं. आधीच बोलत नाही ती, त्यात आणखी वाचा कुठे बंद करायची? कागद फाडला. मंगळवारी लिहिलं: प्रत्येक मंत्रामागे जादूगाराची थोडी ताकद जाते. पण लेक हिशेबाला पक्की, आत्यावर गेलेली. ती दहा मिनिटांत त्यातून वाट काढणार. तोही कागद गेला.

बुधवारी कामावर केबलच्या रिकाम्या ड्रमवर बसल्या बसल्या त्याला सुचलं. आपण घराघरात जाऊन एकेक बटण बंद करतो का? अख्ख्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढतो. तसा एक पांढरा खांब ठेवायचा गोष्टीतल्या किल्ल्याच्या तळघरात, वीस पावलांचं वर्तुळ, आणि त्यात पाय ठेवला की जादू बंद, सगळ्यांचीच, शत्रूचीसुद्धा. खांबाला शिडी लावून वर चढायचं आणि टोकाचा दगड फोडायचा, की जादू परत. म्हणजे चढायला चोर आला, फोडायला कुऱ्हाड आली, आणि लेकीचं काही कायमचं गेलं नाही. मग पठ्ठ्याने जेवणाच्या सुट्टीत उजव्या हाताने दोनशे वेळा फासे टाकून पाहिले. डावा हात खिशात. तो हल्ली खिशातच असायचा, आणि शिडीवरची कामं मुकादमाने कधीच दुसऱ्याला दिली होती. कुणी विचारलं की हा म्हणायचा, "बरं झालंय सगळं."

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मेन ओढण्याआधी टेस्टर प्रत्येक दारावर जायचा. "लाइनवर काही नाजूक आहे का? कुणी आजारी, कुठलं मशीन?" एकतीस वर्षांत हे त्याने एकदाही चुकवलं नव्हतं. घरचा मेन ओढताना मात्र महाशय विसरले.

रविवारी गोष्टीतली तिघं त्या तळघरात उतरली. टेस्टरने घसा साफ करून कागद वाचला. बहीण खुर्चीत सरसावून बसली, घड्याळजींनी हात चोळले. टेस्टर चोरून लेकीकडे बघत होता. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने आपला कागद टेबलावर पालथा ठेवला.

"मला काही दिसत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या कागदावर पहिलीच ओळ आहे. तुमचंच अक्षर आहे."

टेस्टरला आत्ता आठवलं. ती अकरा वर्षांची असताना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, एकोणीस दिवस पट्ट्या होत्या. हा खेळ तेव्हाच जन्माला आला, तिच्या पलंगाशी. "माझी जादूगारीणपण आंधळी," ती म्हणाली होती, आणि त्याने लिहिलं होतं: हिला जादूने दिसतं. इतकी वर्षं दिसत होतं, म्हणून ती जादू आहे हेच तो विसरून गेला.

"थांब, चुकलंच माझं. वर्तुळ लहान करतो. नाहीतर मंत्रच रद्द—"

"नाही." तिने फाशांच्या डब्याचं झाकण उलटं केलं. आत पोरीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: वाचलं की लागलं, बदल नाही. डोळ्यांवर पट्ट्या असताना तिनेच लिहिलेला नियम. कारण त्या दिवसांत ती फासा टाकायची आणि काहीही पडलं तरी हा म्हणायचा, "सहा पडले!" मग तिने हट्टाने त्याच्याकडून लाकडी फाशाचे ठिपके ड्रिलने खोल करून घेतले, बोटाने चाचपून पाहिले, आणि बापाची लबाडी पकडली.

तोच फासा तिने आता डब्यातून काढला, डोळे मिटले आणि टेबलावर टाकला. बोटं फिरवून तो शोधला.

"विचारायचं तरी होतं, बाबा," ती म्हणाली. पाच आठवड्यांनी बाबा म्हणाली ती. "आता सांगा, माझ्यासमोर काय आहे? पण खरं सांगा."

टेस्टरला बसवेना. तो उठला, बसला, पुन्हा उठला. घड्याळजी खिडकीबाहेर बघू लागले.

"शिडी आहे," तो म्हणाला. "उंच आहे. आणि... माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही गं अजून. डॉक्टर म्हणाले, जाईल की नाही सांगता येत नाही. शिडीवर चढत नाही मी. चढवतच नाही."

बहिणीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

लेकीचे डोळे मिटलेलेच होते. बोट फाशावरच होतं, एकेक खळगा मोजत.

"तीनच. सहा नाहीत," ती म्हणाली. "आत्या, तू चढ. शिडी मी धरते. बाबा, तुम्ही माझ्या बाजूला उभे राहून सांगत राहा."