चाकांवरचा ओटा

मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईला सगळं जग मावशी म्हणायचं आणि तिच्या नवऱ्याला काका म्हणायचं. आता नात्यानं पाहायला गेलं तर मावशीचा आणि काकांचा संसार होणं जरा अवघडच. पण झाला होता, आणि बरा चालला होता.

मावशीचा हात मोठा. शंभर पोरींचा भात तिच्या हाताला कळायचा, दोन माणसांचा काही कळायचा नाही. घरी रोज उरायचं, आणि काका दुसऱ्या दिवशी तेच शिळं निमूटपणे गिळायचे. सकाळी वसतिगृहाची चूल, संध्याकाळी घरची. मधे बसच्या बाकावर टेकायला मिळायचं तेवढीच काय ती विश्रांती, तीही बस रिकामी असली तर.

तिला आयुष्यात एकच चैन करायची होती. दागिना नको, कपडालत्ता नको. तिला आयतं खायचं होतं. चार-आठ दिवस, बसून, कुणीतरी पुढ्यात ताट आणून ठेवलेलं. ‘आज काय करू?’ हा प्रश्न डोक्यात न घेता एकदा सकाळी डोळे उघडायचे होते. मागे ती तापानं दवाखान्यात पडली होती तेव्हा असं घडलं होतं खरं. पथ्याचं जेवण, पण पलंगावर हातात मिळायचं. मावशीला ते इतकं मानवलं की डॉक्टरांनी घरी सोडलं त्या दिवशी तिचा चेहरा उतरला, आणि काका काळजीनं विचारत राहिले, “अजून बरं वाटत नाही का गं?”

काका किचन ट्रॉल्या बसवायचे. लोकांच्या घरी असे ओटे, असे खण करायचे, की घरच्या बाईनं नुसतं बोट लावलं तरी खण लोण्यासारखा बाहेर यावा. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. घरातला ओटा आधीच्या मालकानं कुणा ताडमाड बाईसाठी बांधलेला. मावशी बुटकी. लग्न होऊन आल्यापासून ती एका फळीवर उभी राहून स्वयंपाक करत होती, आणि काका म्हणत होते, “पुढच्या महिन्यात बदलू.” पुढचा महिना म्हणजे मोठी लबाड चीज. कितीही चाललं तरी तो आपला पुढेच.

तर असं चाललेलं असताना काकांच्या डोक्यात समुद्र शिरला.

एका गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी फोटो पाहिले. नवरा-बायको कॅम्परव्हॅन घेऊन समुद्राच्या कडेकडेनं फिरून आले होते. गाडीतच झोपायचं, गाडीतच उठायचं, दार सरकवलं की लाटा. काका घरी आले ते डोळे मोठे करूनच. “अगं, रस्ता असा, की एका अंगाला डोंगर आणि एका अंगाला नुसतं पाणी! वसतिगृहाला सुट्टी लागली की आपण जाऊ.”

मावशीचा घास तसाच हातात राहिला. नवऱ्यानं आजवर तिला पुष्कळ ठिकाणी न्यायचं कबूल केलं होतं, पण यावेळी आवाज वेगळा होता.

“जाऊ या की,” ती म्हणाली.

जेवणाचं तिनं विचारलंच नाही. वाटेला लागलेला माणूस वाटेतच कुणाच्या तरी हातचं खातो, त्यात विचारायचं काय? आणि काकांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते तीही सांगायची गोष्ट नव्हती. नवरा-बायको इतकी वर्षं एकमेकांना ओळखत असली की असंच होतं. बोलायची गरजच पडत नाही, आणि मग निस्तरायला जन्म पुरत नाही.

एका बेकरीची जुनी व्हॅन काकांनी पैदा केली. दार उघडलं की बिस्किटांचा वास यायचा. काका रोज काम उरकून आपल्या सुतारकामाच्या शेडमधे जायचे, व्हॅनवर चादरी टाकून आत ठोकठोक करायचे. मावशी डबा द्यायला गेली तर बाहेरूनच, “तू आत यायचं नाहीस! तुझ्यासाठीच चाललंय!” मावशी लाजून परत फिरायची. वसतिगृहात पोरी विचारायच्या, “मावशी, सुट्टीत काय करणार?” तर ती असं काही ऐटीत म्हणायची, “काही नाही करणार,” की पोरींना वाटावं, बाई कुठल्या तरी मोठ्या कार्याला निघाल्यात.

मग एका रविवारी बेत पक्का करायला बैठक भरली. बैठक म्हणजे काय, जमिनीवर नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर मावशीचे चार डबे ठेवले. आणि काकांची थोरली बहीण, मावशीची नणंद, नवऱ्याला घेऊन अचानक हजर झाली.

“आम्हीही येतोय हो, वहिनी!” दारातूनच घोषणा झाली. “म्हटलं, भावाची एवढी गाडी, मागे जागा रिकामी का जावी!”

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नकाशात बुडाला होता. समुद्रकिनाऱ्याला माणूस बुडतो तसाच.

नणंदेच्या नवऱ्यानं आयुष्यभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. त्यामुळे वर आणि खाली या दोन दिशांबद्दल त्यांचा शब्द अखेरचा. बाकीच्या दिशांबद्दलही तसाच, फक्त चुकीचा. “समुद्र उजवीकडे येणार,” त्यांनी सांगून टाकलं.

“जाताना डावीकडे, भावोजी. येताना उजवीकडे,” काका म्हणाले.

“म्हणजे समुद्र काय बाजू बदलतो?”

“समुद्र नाही, आपण बदलतो.”

“मी नाही बदलत,” लिफ्टवाले म्हणाले, आणि पाठ वळवून बसले.

एवढ्यात नणंदेनं मुद्द्याला हात घातला. “हे बघ, पहिल्या मुक्कामाला ताजे मासे. कोळणी तिथेच विकतात म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी. यांना तिखट चालत नाही, तेव्हा यांचं वेगळं. वहिनींच्या हातचं असताना हॉटेलात कोण मरायला जातंय?”

मावशी चहा घेऊन आली होती, ती कपबशांसकट थबकली. “पण वन्सं, मी करणार कुठे?”

सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. लिफ्टवाल्यांच्यासुद्धा. काका तर असे फुलले होते, की आता यांना कुणीतरी धरायला हवं.

“चल,” ते म्हणाले. “दाखवतो.”

शेडमधे त्यांनी चादरी ओढून काढल्या, दार सरकवलं, आणि मावशीला हाताला धरून आत चढवलं.

बाई गं, काय ओटा होता तो! पिवळसर सनमायका, कडा हातानं घासून गोल केलेल्या, म्हणजे गाडी वळली तरी कमरेला लागू नये. दोन बर्नरची शेगडी. प्रत्येक खणाला खिटी, म्हणजे घाटात उघडू नये. मसाल्याच्या डब्यांना कड्या, झाऱ्याला आकडा. आणि शेगडीच्या बरोबर वर एक खिडकी.

“उभी राहा,” काका म्हणाले.

मावशी उभी राहिली. ओटा तिच्या कोपराच्या बरोबर खाली आला. पायाखाली फळी नव्हती. तिनं हात टेकले, तर खांदे आपोआप खाली उतरले. इतकी वर्षं ते वर चढलेले होते हे तिला तेव्हा कळलं.

“तू भांडी घासत होतीस ना, तेव्हा मागून माप घेतलं,” काका म्हणाले. “तुला पत्तासुद्धा लागला नाही. आणि ही खिडकी बघ. तू इथे करत उभी, आणि समोर समुद्र.”

“नशीब काढलंत, वहिनी!” नणंद म्हणाली आणि झोपायच्या फळीवरच्या गादीवर तिनं ऐसपैस बसून बघितलं, मऊ आहे ना.

मावशीला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. तिलाही निम्मं तसंच वाटलं, म्हणून तर पंचाईत झाली. नवऱ्यानं काही वाईट केलं असतं तर भांडता आलं असतं. यानं तर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मापाचं काही केलं होतं, आणि नेमकं तेच तिच्या सुट्टीच्या आडवं आलं होतं.

मग तिनं बायका करतात तसं आडून आडून सुरू केलं.

“अहो, गाडीत सिलिंडर म्हणजे भीती वाटते हो.” काकांनी दुसऱ्या दिवशी सिलिंडरला लोखंडी पेटी आणि पट्टा केला.

“चालत्या गाडीत भांडी पडतील.” काकांनी ओट्याला कठडा लावला.

“हल्ली उभं राहिलं की पाय भरून येतात माझे.” काकांनी पायाखाली रबराची जाड चटई अंथरली, आणि वर एक दुमडणारं स्टूल केलं, म्हणजे बसून भाजी चिरता यावी.

मावशीच्या प्रत्येक तक्रारीनं ओटा आणखी देखणा होत चालला. अजून दोन तक्रारी केल्या असत्या तर त्यात शंभर पोरींची खानावळ चालली असती. तिकडे नणंदेचा रोज फोन. “वहिनी, मोठं पातेलं घ्याच हं, माझे दीर-जाऊ पण मधल्या एका मुक्कामाला भेटणार आहेत. तुमच्या हातचं म्हटल्यावर ते कसले राहतात!”

त्या फोननंतर मावशीनं गॅस बंद केला. भात अर्धा कच्चा होता. ती बाहेर येऊन काकांच्या समोर बसली. काका नकाशावर पेन्सिलीनं मुक्काम ठरवत होते.

“मी येत नाही,” ती म्हणाली.

“कुठे?”

“समुद्राला. तुम्ही तिघं जाऊन या.”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. “अगं, काय झालं? ओटा आवडला नाही?”

“आवडला.”

“खिडकी लहान झाली?”

“अहो, खिडकी!” मावशीचा आवाज चढला. “शेगडीच्या वरच्या खिडकीतून जन्मभर बघतेय मी. इथे समोरच्यांची गच्ची दिसते, वसतिगृहात पाण्याची टाकी दिसते, तिथे समुद्र दिसेल. बघणार कुठून, तर तिथूनच! मला बसून बघायचाय. हातात काही नको, डोक्यात काही नको. मला कुणीतरी केलेलं खायचंय. बस्स, तेवढंच खायचंय.”

काकांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला सुख होईल.”

“होईल की. रोज होईल. तो ओटा काढा आणि इथे घरात बसवा.”

“आणि गाडीत?”

“गाडीत काही नको.”

“अगं, ओट्याशिवाय त्याला कॅम्परव्हॅन कोण म्हणेल? तो टेंपो झाला.”

“मग टेंपोनं जाऊ.”

काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. माणूस चिडला की दार आपटतो. हे हलकेच लावून गेले, म्हणजे दुखावले होते. मावशीला वाटलं, गेली सुट्टी. गेला समुद्र. नवराही गेला चार दिवस, फुगून बसेल. ती आत गेली आणि तो अर्धा कच्चा भात पुन्हा शिजायला ठेवला, कारण काहीही झालं तरी माणसं जेवायची काही थांबत नाहीत.

काका तीन-चार दिवस घुमे राहिले. विचारलं तेवढंच बोलायचे. मग एकदा मावशी कामावरून आली, तर घरात धुरळाच धुरळा. जुना ओटा फुटून पडलेला, आणि त्या ढिगात काका गुडघ्यांवर बसून पातळी तपासत होते.

“लांबीला कमी पडतोय,” ते वर न बघताच म्हणाले. “गाडीच्या मापाचा आहे ना. कोपऱ्यात एक तुकडा जोडावा लागेल. सांधा दिसेल थोडा.”

“दिसू दे,” मावशी म्हणाली, आणि पदर खोचून विटा उचलायला लागली.

“ठेव, ठेव. बस तू.” मग जरा थांबून, “सवय कर बसायची. एकदम आठ दिवस जमणार नाही तुला.”

काकांनी फोनवर बहिणीला सांगितलं तेव्हा तिला धक्काच बसला. “ओटा काढला? मग जायचं तरी कशाला! वाटेत काय दगड खायचे? आणि यांच्या पोटाला बाहेरचं चालत नाही रे, तुला ठाऊक आहे.” लिफ्टवाल्यांनी पलीकडून विचारलं, समुद्राचं काय ठरलं, कुठल्या बाजूला आहे? काका म्हणाले, डावीकडे. “मग मी येतच नाही,” असा पलीकडून निर्वाणीचा आवाज आला, आणि प्रवासाला निघणारी माणसं दोन उरली.

ती दोन माणसं खरंच निघाली. मावशी पुढे काकांच्या शेजारी बसली, मांडीवर रिकामे हात घेऊन. पहिल्या तासाभरात तिनं ते कुठे ठेवावेत हेच तिला कळेना. मग रस्ता एका टेकाडाला वळसा घालून वर आला आणि डाव्या अंगाला एकदम सगळं निळं उघडं पडलं. काकांनी गाडी हळू केली. मावशी बघत राहिली. मागच्या रिकाम्या जागेत एक गादी आणि दोन उशा इकडून तिकडे घसरत होत्या.

भूक लागली तेव्हा रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक टपरी आली. टपरीवाला एकटाच, बनियनवर, घाईत. बाकावर बसवलं आणि दोन ताटं आणून आदळली. भात आणि तळलेले मासे.

काकांनी पहिला घास घेतला आणि घाबरून बायकोकडे बघितलं.

“कसं झालंय, मावशी?” टपरीवाल्यानं विचारलं. म्हणजे इथेही ती मावशीच.

मावशीनं सावकाश चावलं. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“तू आत जाऊन जरा बघतेस का?” काका हळूच म्हणाले. “नाहीतर त्याला नुसतं सांग, की मासा टाकायच्या आधी तेल...”

“अहो, जेवा गप.”

भात गिच्च झाला होता, मासा एका अंगानं करपला होता, आणि यातलं काहीही तिनं केलेलं नव्हतं. तिनं पाय बाकाखाली लांब केले आणि टपरीवाल्याला हाक मारून आणखी थोडा भात मागितला.